दोन सह्या

नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं महाराष्ट्र म्हणाला, आणि आजही म्हणतो. चीनकडून झालेला पराभव, सैन्याची नव्याने बांधणी, 1965चं युद्ध, ताश्कंद. संरक्षणमंत्री यशवंतरावांची गोष्ट आपण इथपर्यंत अभिमानाने सांगतो आणि थांबतो. पण ताश्कंदनंतरही दहा महिने ते त्याच खुर्चीवर होते. त्या दहा महिन्यांत एक तारीख येते, 5 मार्च 1966. त्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी आयझॉल या भारतीय शहरावर मारा केला. शाळेत, कॉलेजात, घरातल्या गप्पांत ही तारीख माझ्या कानावर कधी आली नाही. ती मला पहिल्यांदा आयझॉलमध्येच कळली. ज्या घरी उतरले होते तिथल्या आजींनी ती सांगितली, आणि इतक्या सहजपणे की आपण काय ऐकलं हे कळायला मला थोडा वेळ लागला.

हे पुस्तक त्या तारखेपासून सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. आपल्याच हद्दीतल्या, आपल्याच माणसांनी शस्त्र उचललं तर देशाचं सरकार काय काय करतं, हा त्याचा विषय. त्यासाठी मिझो टेकड्यांचं उदाहरण घेतलं, कारण सरकारच्या हातातली जवळजवळ सगळी साधनं तिथे वापरली गेली: दुर्लक्ष, कायदा, विमान, कुंपण, वाटाघाट आणि शेवटी खुर्ची. वीस वर्षांत हा सगळा प्रवास झाला आणि त्याचा शेवट शांततेत झाला. इतका पूर्ण शेवट आपल्याकडच्या फार थोड्या उठावांना लाभला आहे.

सुरुवात बांबूपासून करावी लागते. मिझो डोंगरांत माऊताक नावाचा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो आणि फळून मरून जातो. त्या फळांवर उंदीर पोसतात आणि अफाट वाढतात. फळं संपली की त्यांचा लोंढा भाताच्या शेतांत उतरतो. एका रात्रीत उभं पीक जातं. या दुष्काळाला मिझो भाषेत ‘माऊताम’ म्हणतात. आधीचा 1911च्या सुमारास येऊन गेला होता, त्यामुळे जाणत्यांना पुढचा कधी येणार हे बोटांवर मोजता येत होतं. मिझो जिल्हा परिषदेने 1958 मध्येच आसाम सरकारला सावध केलं आणि 15 लाख रुपयांची मदत मागितली. शिलाँगमध्ये बसलेल्या सरकारला बांबूच्या फुलांवरून दुष्काळाचं भाकीत करणं ही आदिवासींची भाबडी समजूत वाटली. मागणी फेटाळली गेली. 1959 मध्ये बांबू फुलला.

पुढचं सगळं या नकारातून उगवलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. आसाम सरकारने 1960 मध्ये असमिया राजभाषा केली, तेव्हा डोंगराळ जिल्ह्यांत आपण परके ठरतोय ही भावना पसरली. सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तान होता आणि भारताच्या कुठल्याही असंतुष्ट गटाला शस्त्रं द्यायला तो तयार होता. सैन्यातून काढून टाकलेले तरुण गावागावांत परतले होते. तरीही दुष्काळाचं महत्त्व वेगळं आहे, कारण त्याने संघटना घडवली. पाठीवर तांदूळ वाहून दूरच्या गावांत पोचवणाऱ्या मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटने 22 ऑक्टोबर 1961 रोजी नावातला ‘फॅमिन’ गाळला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष जन्माला आला. नेता लालडेंगा. पूर्वी सैन्यात हवालदार, नंतर जिल्हा परिषदेत हिशेबनीस. जिथे सरकार पोचलं नाही त्या घरात तांदूळ घेऊन कोण आलं होतं, हे लोक विसरत नाहीत. उठाव का होतो यावरची अनेक जाडजूड पुस्तकं मी या कामासाठी वाचली. त्यांतल्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा तांदळाचं ते पोतं मला जास्त सांगून गेलं.

28 फेब्रुवारी 1966च्या रात्री फ्रंटने ‘ऑपरेशन जेरिको’ सुरू केलं. आयझॉल, लुंगलेई, चंफाई इथल्या सरकारी ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले, आणि 1 मार्चला लालडेंगांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. दिल्लीची अवस्था त्या वेळी काय होती हेही ध्यानात घ्यायला हवं. शास्त्रीजींना जाऊन दोन महिने झाले नव्हते. इंदिरा गांधींच्या शपथविधीला सहा आठवडेही झाले नव्हते. देशात धान्याची टंचाई होती. नागा टेकड्यांत दहा वर्षं लढाई आणि बोलणी आलटून पालटून चालली होती. आयझॉलमध्ये आसाम रायफल्सच्या तळाला वेढा पडला होता आणि हेलिकॉप्टरने कुमक उतरवायचा प्रयत्न खालून होणाऱ्या गोळीबारामुळे फसला होता. तळ पडला असता तर तिथले जवान आणि त्यांच्या आसऱ्याला असलेले सगळे संकटात होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्यांना खलनायक ठरवून या पुस्तकाचं काम झालं नसतं.

पण त्यांनी निवडलेला मार्ग हा त्या आठवड्यापुरताच राहिला नाही. 2 मार्चला सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा 1958चा कायदा लागू झाला. 5 मार्चला ‘तूफानी’ आणि हंटर विमानं आली. आयझॉलची लाकडी घरं डोंगराच्या धारेवर एकमेकांना खेटून उभी होती. दावरपुईच्या बाजाराचा भाग जळाला. आधीच्या दिवसांत बरेच लोक जंगलात आणि आसपासच्या गावांत पळाले होते, म्हणून माणसं कमी दगावली. पुढे काही दिवस इतर गावांवरही विमानं फिरत राहिली. वेढा उठला, सैन्य शहरात आलं, आणि लष्करी अर्थाने काम फत्ते झालं.

सरकार तेव्हा काय म्हणालं? विमानांतून माणसं आणि रसद टाकली, असं. आसामच्या विधानसभेत डोंगराळ भागातल्या आमदारांनी हा विषय काढला, तरी सरकारी उत्तर फारसं हललं नाही. आपल्या नागरिकांवर विमानातून मारा केल्याची दुसरी नोंद स्वतंत्र भारताच्या इतिहासात सापडत नाही. आणि ही एकमेव घटनाही सत्तावन्न वर्षं राष्ट्रीय चर्चेच्या बाहेर राहिली. ऑगस्ट 2023 मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत तिचा उल्लेख केला, तो अविश्वास ठरावाला उत्तर देताना. दोन दिवस बाजू मांडल्या गेल्या, कोणाच्या काळात काय झालं याचा हिशेब झाला, आणि विषय मागे पडला. मिझोराममधल्या माणसांना त्या दोन दिवसांत काय वाटलं असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे.

तरीही, माझ्या मते, सरकारच्या उत्तराचा खरा गाभा बॉम्बमध्ये नाही. तो त्यानंतरच्या वर्षी आला, आणि विमानासारखा आवाज न करता आला.

जानेवारी 1967 मध्ये गावं हलवायला सुरुवात झाली. यशवंतराव तोपर्यंत गृहमंत्री झाले होते, पूर्व विभागाच्या सैन्याचे प्रमुख सॅम माणेकशॉ होते. कल्पना मलायातून आली होती. तिथे 1950 पासून ब्रिटिशांनी हॅरल्ड ब्रिग्ज यांच्या योजनेनुसार लाखो चिनी वस्तीकरांना कुंपणाच्या आत आणून बसवलं होतं. बंडखोर मासा आणि जनता पाणी, तर पाणीच काढून घ्यायचं, असा हिशेब. फरक एवढाच की मलाया ही ब्रिटिशांची वसाहत होती, आणि इथे मतदार यादीत नावं असलेले आपले नागरिक होते. आधी सिलचर, आयझॉल, लुंगलेई या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गावं, मग टप्प्याटप्प्याने बाकीची. एकूण 764 गावांपैकी 516 गावं उठवून 110 केंद्रांत कोंबली गेली. केवळ 138 गावांना हात लागला नाही. 1961च्या जनगणनेत या जिल्ह्याची वस्ती पावणेतीन लाखांच्या आतच होती. म्हणजे जवळजवळ अख्खा ग्रामीण समाज काही वर्षांत जागचा हलवला गेला. या केंद्रांचं सरकारी नाव होतं ‘संरक्षित व प्रगतिशील गावं’. मिझो लोक त्याला ‘खॉखॉम’ म्हणतात, गावं गोळा करणं. आणि त्या सगळ्या वीस वर्षांना त्यांचा एकच शब्द आहे, ‘राम्बुआई’: भूमी अस्वस्थ झाली तो काळ.

आयझॉलच्या त्या आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. मला वाटलं होतं त्या सैनिकांबद्दल बोलतील. त्या बोलल्या फाटकाबद्दल. केंद्राभोवती कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाशी ओळखपत्र दाखवायचं आणि हजेरी द्यायची. सकाळी उघडणार, अंधाराआधी बंद होणार. त्यांचं झूमचं शेत जुन्या गावाजवळ राहिलेलं, चढउताराच्या वाटेने तीन तासांवर. त्यांनी चहाच्या टेबलावर बोटाने रेघ ओढली. इथे फाटक, इथे शेत. तीन तास जायला, तीन यायला, आणि येताना पाठीवर ओझं. ‘मधे काय उरलं ते तूच मोज,’ त्या म्हणाल्या.

मोजायला बसलं की लक्षात येतं की यात शेतीची अख्खी पद्धतच मोडली होती. झूमची शेती घड्याळासारखी चालते. थंडीत उतारावरचं जंगल तोडायचं, ते वाळू द्यायचं, मार्चच्या आसपास जाळायचं, पाऊस पडायच्या आत पेरायचं. नंतर महिनोन्‌महिने तण काढायचं, आणि पीक तयार होताना शेतातल्या झोपडीत रात्री राहून डुकरं, माकडं, पाखरं राखायची. जानेवारीत माणसं उचलली की तोडणी बुडाली. रात्री बाहेर राहायला बंदी झाली की राखण बुडाली. एका केंद्रात चार-पाच गावांची माणसं, म्हणून जवळची जमीन पुरेना. तीच तीच जमीन लवकर लवकर कसल्याने ती निकस झाली. जो समाज दुष्काळ सोडला तर स्वतःचा भात स्वतः पिकवत होता, तो सरकारी शिध्याच्या रांगेत उभा राहिला. आणि शिधा कुटुंबाची माणसं मोजून मिळत होता, कारण जास्तीचा तांदूळ बंडखोरांकडे जाईल अशी भीती होती.

आता पहिल्या सहीकडे येते. आसाम केडरचे सनदी अधिकारी विजेंद्रसिंग जाफा यांनी या काळावर लिहिताना एका लष्करी अधिकाऱ्याचं कथन नोंदवलं आहे. दारझो नावाचं गाव होतं. खातंपितं, भाताने भरलेलं, कोंबड्या-डुकरांनी गजबजलेलं. अधिकाऱ्याला हुकूम होता की लोकांना उचलता येईल तेवढं सामान घ्यायला लावायचं, गाव पेटवायचं, नेता येणार नाही तेवढं धान्य जाळायचं आणि सगळ्यांना ह्नाथियालच्या केंद्रावर न्यायचं. स्वतःच्या घराला कोणी काडी लावेना, तेव्हा ती सैनिकांनी लावली. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांपुढे कागद ठेवले गेले. एकात लिहिलं होतं की बंडखोरांच्या जाचामुळे आम्ही आपण होऊन नव्या जागी जायची विनंती केली. दुसऱ्यात होतं की गाव आम्हीच जाळलं, कोणी जबरदस्ती केली नाही. सही करायला ते तयार झाले नाहीत. अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं, तेव्हा सह्या झाल्या. ही हकीकत त्या अधिकाऱ्याने स्वतः सांगितली आहे, आणि ती सांगताना त्याला स्वतःची शरम वाटत होती हे वाचणाऱ्याला जाणवतं.

त्या कागदांवर मी खूप विचार केला. बंदूक हातात असलेल्या सरकारला सही कशाला हवी होती? गाव जाळायला कागद लागत नाही. कागद लागतो तो नंतरसाठी. कोर्टात, विधिमंडळात, फायलीत दाखवायला. म्हणजे जे चाललं आहे ते आपल्या राज्यघटनेत बसत नाही, हे फाइल तयार करणाऱ्याला पक्कं माहीत होतं. परक्या मुलखात लढणाऱ्या सैन्याला असल्या कागदाची गरज नसते. आपल्याच माणसांशी लढणाऱ्या सरकारलाच ती पडते, कारण त्याला लढतानाही हे लोक आपलेच आहेत असं म्हणत राहावं लागतं. मिझो उठावातली मला दिसलेली सगळ्यात जीवघेणी गोष्ट ही आहे. ज्याचं गाव जाळलं त्याच्याकडूनच सरकारने आपल्या चांगुलपणाचा दाखला लिहून घेतला.

फ्रंटच्या बाजूनेही माणसांची कमी आबाळ झाली नाही. गावांनी दोन्हीकडून वर्गणी आणि दोन्हीकडून संशय सोसला. दिवसा सैन्य विचारी की रात्री कोण आलं होतं, रात्री फ्रंटची मुलं विचारत की दिवसा कोण बोललं. खबरे ठरवून माणसं मारली गेली, त्यांतले सगळे खबरे नव्हते. 13 जानेवारी 1975 रोजी आयझॉलमध्ये पोलीस महानिरीक्षकांसह तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना कार्यालयात शिरून गोळ्या घातल्या गेल्या. बिगरमिझोंनी मिझोराम सोडावं असं फर्मान 1979 मध्ये निघालं. इकडे आड, तिकडे विहीर ही म्हण त्या डोंगरांत रोजची होती.

गावं हलवण्याची योजना यशस्वी झाली का? लष्करी अभ्यासकांपैकी काही जण हो म्हणतात. बंडखोरांची रसद तुटली, ते सीमेपार ढकलले गेले, रस्त्याकडेला शाळा-दवाखाने आले, हे खरं आहे. काही केंद्रं पुढे चांगली गावं झाली. पण योजना सुरू झाल्यावर उठाव जवळपास वीस वर्षं टिकला, हेही तितकंच खरं. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तान गेला आणि फ्रंटचा आसरा तुटला, तेव्हाही तो संपला नाही. लढाईची ताकद कमी होत गेली, तिच्यामागचं कारण मात्र शाबूत राहिलं, कारण कुंपणाच्या आत वाढलेल्या मुलांकडे आता स्वतःची अशी एक आठवण होती.

वाटाघाटींचा भाग पुस्तकात सर्वांत मोठा आहे, म्हणून इथे थोडक्यात. 1972 मध्ये मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. 1 जुलै 1976ला करार झाला आणि तो कागदावरच राहिला. 1982 मध्ये बोलणी फिसकटली, फ्रंटवर पुन्हा बंदी आली, लालडेंगा लंडनला गेले. या सगळ्या काळात मिझो चर्चची माणसं दोन्ही बाजूंकडे जात-येत राहिली, दारं तोंडावर बंद झाली तरी. सरकारच्या वतीने आधी जी. पार्थसारथी, मग गृहसचिव राम प्रधान. हे प्रधान महाराष्ट्र केडरचे, राज्याचे मुख्य सचिव राहिलेले, आणि यशवंतराव संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव म्हणून काम केलेले. ज्या मंत्र्याच्या कारकिर्दीत विमानं उडाली त्याच्या हाताखाली तयार झालेला माणूस वीस वर्षांनी शेवटच्या कागदावर सही करतो, हा योगायोगच. पण मराठी वाचकाने तो जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

ती दुसरी सही 30 जून 1986ची. लालडेंगा, प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा यांच्या सह्या झाल्या, आणि त्याच दिवशी प्रधान सेवेतून निवृत्त होत होते. फ्रंटने स्वातंत्र्याची मागणी आणि शस्त्रं सोडली. केंद्राने राज्याचा दर्जा कबूल केला. मिझोंच्या चालीरीती, त्यांचा परंपरागत कायदा आणि जमिनीची मालकी यांना हात लावण्याआधी त्यांच्या विधानसभेची संमती लागेल, अशी तरतूद 371-जी कलमाने राज्यघटनेत आली. मुख्यमंत्री लालथनहॉला यांनी आपली खुर्ची रिकामी केली आणि ऑगस्टमध्ये तिच्यावर लालडेंगा बसले. आपल्या राजकारणात लालथनहॉलांच्या त्या कृतीची जितकी आठवण निघायला हवी तितकी निघत नाही. 20 फेब्रुवारी 1987ला मिझोराम हे राज्य झालं.

पहिल्या कागदावर सही करणाऱ्याला काहीही मिळालं नाही. दुसऱ्या कागदावर सही करणाऱ्या दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं आणि काहीतरी घेतलं. म्हणूनच तो टिकला. 2005 मध्ये दंतेवाड्यात, नक्षलवाद्यांशी लढताना, गावं पुन्हा एकदा रिकामी करून माणसांना रस्त्याकडेच्या छावण्यांत आणलं गेलं, तेव्हा पहिल्या कागदाचा धडा कोणी वाचला नव्हता हे उघड झालं. त्याच मोहिमेत गावकऱ्यांच्या हाती शस्त्रंही दिली गेली होती; तो प्रकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवला. गडचिरोलीच्या पलीकडच्या तीरावरची ही गोष्ट. इंद्रावती ओलांडून आलेली माणसं आपल्या भामरागडच्या बाजारात आजही दिसतात.

शब्दांबद्दल थोडं. या पुस्तकात ‘अतिरेकी’ हा शब्द अवतरणाबाहेर कुठेही नाही. ‘बंडखोर’ आहे, कारण मराठीत ‘बंड’ या शब्दाला दोन्ही बाजू माहीत आहेत. 1857ला सरकारदरबारी बंड म्हणत आणि घरोघरीही बंडच म्हणत, पण दोन्हीकडचा सूर वेगळा होता. मिझो नावं उच्चाराच्या जवळ जाऊन लिहिली आहेत. चुका राहिल्या असतील त्या माझ्या.

1986च्या करारात नुकसानभरपाईचं कलम आहे. 1966च्या आणि नंतरच्या अशांततेत मेलेल्यांच्या वारसांना मदत, आणि ‘कारवाई’च्या काळात नष्ट झालेली पिकं, घरं यांची भरपाई, अशी त्याची भाषा. कोणी, कशाने, का, यांतलं काहीही त्यात नाही. मी आजींना ते कलम वाचून दाखवलं, त्यांच्या नातवाने मिझोत सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘यात आमच्या गावाचं नाव आहे का?’ नातवाने कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. नाव नव्हतं. मग त्यांनी टेबलावरच्या मघाच्या रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं आणि गावाचं नाव सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. नीट आलं ना, हे त्यांनी दोनदा नातवाकडून वाचून घेतलं.